अंग बाहेर येणे : पिशवी काढण्याआधी काय काय करता येते?

मांजराकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. मी २९ वर्षांची असून अंबाजोगाई तालुक्यातील एका गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला साधारण पाच महिने झाले आहेत. बाळ वजनदार होते, कळा सोसण्यात फार वेळ गेला आणि शेवटी चिमटा लावून प्रसूती करावी लागली. सव्वा महिना माहेरी विश्रांती मिळाली. परंतु सासरी येऊन पाणी भरणे, धुणे आणि स्वयंपाक सुरू झाल्यापासून दिवस कलला की ओटीपोटात ओढ लागते, योनीच्या तोंडाशी मऊ गोळा हाताला लागतो आणि खाली काहीतरी निसटत असल्याची भावना रात्री आडवे होईपर्यंत जात नाही. सकाळी उठते तेव्हा यांपैकी काहीच जाणवत नाही. लघवी करून आल्यावरही ती पुरती झाली असे वाटत नाही, आणि ठसका लागला की कपडे ओले होतात.

तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात दाखवले. अंग बाहेर येत आहे, दोन्ही मुले झालेली आहेत, तेव्हा पिशवी काढून टाकावी, एवढेच तेथे सांगण्यात आले. कोणता अवयव किती खाली आला आहे, त्यावर दुसरा काही उपाय आहे का, हे मी विचारले, तेव्हा समाधानकारक उत्तर मिळाले नाही. घरात हे फक्त यजमानांना आणि थोरल्या जाऊबाईंना ठाऊक आहे. रजा संपत आली असून दिवसभर वर्गात उभे राहावे लागेल. हे दुखणे पुष्कळ अंशी भरून येते का, कोणाकडे जावे आणि तोवर रोजची कामे कशी करावीत, हे ज्यांनी भोगले आहे किंवा ज्यांचा हा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

देवगिरी

ताई, मी छत्रपती संभाजीनगर येथे फिजिओथेरपिस्ट असून प्रसूतीनंतरच्या स्त्रियांचे उपचार हेच माझे मुख्य काम आहे. तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की काही गोष्टी इथेच सांगता येतील.

ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात आणि शिवाय वरून व बाजूंनी बंधांनी धरलेले असतात. बाळाचे डोके बाहेर येताना या स्नायूंचा आतला भाग त्याच्या मूळ लांबीच्या सुमारे तिपटीपर्यंत ताणला जातो, आणि चिमट्याच्या प्रसूतीत तो हाडापासून सुटण्याचा धोका अधिक असतो. ज्या बाजूचा आधार सैल होतो त्या बाजूचा अवयव खाली झुकतो. पुढची भिंत सैल झाली तर मूत्राशय, मागची झाली तर गुदाशय आणि वरचे बंध ढिले झाले तर गर्भाशय खाली येते. अनेकींमध्ये यांतील दोन एकत्र असतात. तुमची लघवीची तक्रार पाहता पुढची भिंत सैल झालेली असण्याची शक्यता मोठी आहे, तरी ते तपासणीनेच ठरेल. हाताला लागणारा गोळा मूत्राशयाचा असेल, तर केवळ गर्भाशय काढल्याने तो वर जाणार नाही. एवढ्याचसाठी अवयव कोणता हे कळल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नका.

किती खाली आले आहे हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत १९९६ पासून उपलब्ध आहे. योनीच्या तोंडाशी असलेल्या पडद्याची कड ही खूण धरतात आणि रुग्णेला जोर करायला सांगून मोजतात. सर्वांत खाली आलेला भाग कडेच्या एक सेंटीमीटरहून अधिक वर राहिला तर ती पहिली पायरी, कडेच्या वर किंवा खाली एक सेंटीमीटरच्या आत असला तर दुसरी, त्याहून खाली आला तर तिसरी आणि योनी जवळजवळ संपूर्ण उलटून बाहेर आली तर चौथी. ही मोजणी झालेली नसेल, तर ती सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्त्रीरोग विभागात करून घ्या. तुम्हाला अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय जवळ पडेल.

आता भरून येण्याविषयी. बाळंतपणानंतरचे पहिले वर्ष ऊती स्वतःहून घट्ट होण्याचे असते, आणि अंगावर पाजत असेपर्यंत इस्ट्रोजेन कमी राहत असल्यामुळे योनी कोरडी व सैल वाटते. पाचव्या महिन्यातील स्थितीला कायमची स्थिती मानण्याचे कारण नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीला तळाच्या स्नायूंचा, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली निदान १६ आठवडे केलेला व्यायाम हा पहिला उपचार मानला जातो. २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या ते तिसऱ्या पायरीच्या या स्त्रियांपैकी ज्यांना प्रत्येकीची तपासणी करून व्यायाम शिकवला गेला, त्यांची लक्षणे वर्षभरानंतर इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. ओढ, जडपणा, गोळा जाणवणे हे कमी होते. मोजणीतली पायरी प्रत्येकीची बदलतेच असे नाही, आणि ही मर्यादा मी प्रत्येक रुग्णेला आधीच सांगते.

व्यायाम असा आहे. उताणे पडून गुडघे वाकवावेत. वात आणि लघवी एकाच वेळी रोखतो तसे आतून आकसून वर उचलावे, मनात मोजत काही सेकंद धरावे आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडावे. श्वास चालू असावा. मांड्या, कुल्ले आणि पोट आवळू नये. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत जावे, एका वेळी आठ ते बारा वेळा आणि दिवसातून तीनदा करावे. आडवे पडून जमले की बसून, मग उभे राहून. लघवी करताना धार अडवून सराव करू नये. केवळ तोंडी सूचना ऐकून करणाऱ्या कितीतरी स्त्रिया वर उचलण्याऐवजी खाली जोर करतात आणि त्याने त्रास वाढतो. काहींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात आणि त्यांना आधी सैल करणे शिकावे लागते. म्हणून एकदा तरी तपासून घेऊनच आरंभ करावा. खोकला, शिंक किंवा वजन उचलण्याच्या क्षणापूर्वी हेच आकसणे करण्याची सवय लावली, तर कपडे ओले होणे बहुधा सर्वांत आधी थांबते.

परभणीकर

लेकी, मी साठी ओलांडलेली आहे. तिसऱ्या खेपेनंतर माझे अंग बाहेर येऊ लागले, आणि त्या काळी हे दुखणे बाईने मरेपर्यंत लुगड्याच्या घडीखाली झाकून न्यायचे असाच रिवाज होता. तुझ्यासारखे सगळे लिहून विचारणारी मुलगी पाहिली की मला फार बरे वाटते.

मला उतारवयात एका डॉक्टरीण बाईंनी रिंग बसवून दिली. तिला पेसरी म्हणतात. मऊ सिलिकॉनची असते आणि माप घेऊन बसवतात. माप बरोबर असले की आत काही आहे हेसुद्धा जाणवत नाही. खोकल्याने किंवा शौचाच्या वेळी ती निसटून आली तर मोठे माप लागते. टोचली किंवा लघवी अडली तर लहान लागते. मी ती स्वतः काढते, साबणाने धुते आणि पुन्हा बसवते. ज्यांना स्वतः काढणे जमत नाही त्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी दवाखान्यात जाऊन काढून, धुऊन आणि आतली त्वचा तपासून घेतलीच पाहिजे, कारण विसरलेली रिंग आत रुतते आणि जखम करते. वास येणारा स्राव किंवा रक्त दिसले तर थांबू नये. माझी पाळी गेलेली असल्यामुळे योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलमही दिले आहे, त्याने कोरडेपणा गेला. तरण्या बायकांनाही रिंग चालते हे मला फार उशिरा कळले. कळले असते तर माझी ऐन उमेदीची कितीतरी वर्षे निवांत गेली असती.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. या चर्चेत ऊसतोड करणाऱ्या बायांचा विषय यायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण पिशवी काढून टाकण्याचा सल्ला आमच्या भागात किती सहज दिला गेला हे २०१९ मध्ये साऱ्या राज्याने पाहिले. त्या वर्षी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील सगळ्यांना अंग बाहेर येण्याचा त्रास नव्हता. पांढरे जाणे, अंगावरून जाणे, पोटदुखी अशी कारणे होती, आणि तोडीच्या हंगामात पाळी किंवा दुखणे परवडत नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात, हे त्यांमागचे मोठे कारण होते. नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढे बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले.

ज्या बाईला बाळंतपणानंतर लगेच कोयत्यावर जावे लागते, डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढावे लागते, तिला वजन उचलू नकोस हे सांगताना माझी जीभ अडखळते. तिची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते आणि मुकादम थांबत नाही. तरीही जे हातात आहे ते मी करते. दवाखान्यातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आम्ही सहा वेळा घरी जातो. त्या भेटी मुख्यतः बाळासाठी असतात. मी मात्र प्रत्येक बाळंतिणीला, घरातील माणसे बाजूला गेल्यावर, खाली जड वाटते का, लघवी सुटते का, असे थेट विचारते. न विचारता कोणीच सांगत नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याने दोन गावांतील बायांची तपासणी केली होती, तिचा अहवाल १९८९ मध्ये छापून आला. त्यात शंभरांतील ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरांत आठच होत्या. गावोगाव फिरताना मला ती आकडेवारी जुनी झाली आहे असे वाटत नाही.

जालनेकर

या धाग्यावर पुरुषाने लिहावे की नाही याचा विचार करून लिहीत आहे. माझ्या पत्नीला पहिल्या प्रसूतीनंतर हाच त्रास झाला. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि तो आला की घागरी घेऊन धावपळ होते, त्यामुळे प्रश्न उपचाराचा जितका होता तितकाच पाण्याचा होता. आम्ही दोन गोष्टी केल्या. टँकरवरचे पाणी मी आणि धाकटा भाऊ भरू लागलो, आणि पिंप ओट्यावर ठेवून त्याला तोटी बसवली, म्हणजे वाकून घागर उपसणे बंद झाले. आईला हे पटेना. बाळंतिणीने पोट घट्ट बांधले की सगळे जागेवर येते असे तिचे म्हणणे होते. देवगिरीताई, पोट बांधण्याविषयी काय करावे ते कृपया सांगावे. यजमानांनी सोबत दवाखान्यात जावे, असेही मी सुचवीन. मी आत बसून डॉक्टरांचे ऐकले, त्यामुळे घरी येऊन आईला समजावणे माझे काम झाले आणि पत्नीची त्यातून सुटका झाली.

देवगिरी

दादा, पोट करकचून बांधले की आतला दाब खाली ढकलला जातो आणि आधीच सैल असलेल्या तळावर येतो. पाठीला आधार म्हणून मऊ ओढणी हलकी गुंडाळायला हरकत नाही, पण खाली आलेला अवयव त्याने वर जात नाही. आईंना हे माझ्या नावाने सांगितलेत तरी चालेल.

पाण्याबाबत धागाकर्त्या ताईंसाठी थोडे अधिक सांगते. मोठ्या हंड्याऐवजी अर्धी भरलेली कळशी घ्यावी, खेपा वाढल्या तरी चालतील. उचलताना गुडघ्यांत वाकावे, भांडे शरीराजवळ घ्यावे, आधी तळ आकसावा आणि श्वास सोडत उठावे. श्वास कोंडून उचलणे सर्वांत वाईट. दुपारी थोडा वेळ कमरेखाली उशी घेऊन आडवे पडल्यास संध्याकाळची ओढ कमी होते. शौचाला जोर करावा लागता कामा नये. प्रसूतीनंतरच्या लोहाच्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना मळ घट्ट होतो. गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, पाणी आणि पालेभाजी वाढवावी आणि लागल्यास रात्री इसबगोल घ्यावे. चुलीच्या धुराने किंवा मिश्रीने खोकला जडला असेल, तर तोही या दुखण्याचाच भाग समजून बरा करावा. लघवी झाल्यावर थोडे उठून, पुढे झुकून पुन्हा बसल्यास उरलेली लघवी निघून जाते.

औंढा

मी हिंगोली जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. देवगिरी यांनी सांगितलेल्या क्रमाशी मी पूर्ण सहमत आहे आणि शस्त्रक्रियेबद्दल थोडे लिहितो, कारण या चर्चेवरून शस्त्रक्रियाच वाईट असा समज होऊ नये. तिसऱ्या-चौथ्या पायरीला, रिंग टिकत नसताना किंवा लघवी अडत असताना ती बाईचे आयुष्य बदलून टाकते. मात्र सैल झालेला आधार दुरुस्त करणे हे तिचे उद्दिष्ट असते. गर्भाशय काढले आणि योनीचा वरचा शेंडा बंधांना नीट टाचला नाही, तर काही वर्षांनी तो शेंडाच खाली उतरतो, आणि ती दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. कमी वयात गर्भाशय काढल्यास, बीजांडकोश राखले तरी, रजोनिवृत्ती लवकर येण्याची शक्यता वाढते. बीजांडकोशही काढले तर ती तत्काळ येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

गर्भाशय राखून ते वर टांगण्याच्या शस्त्रक्रियांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी तरुण स्त्रियांसाठी विकसित केलेल्या पद्धती आजही स्त्रीरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवल्या जातात. तेव्हा वय २९ असताना पिशवी काढणे हा एकच मार्ग आहे, असे कोणी म्हणाले तर दुसरे मत अवश्य घ्यावे. आधारासाठी योनीमार्गाने कृत्रिम जाळी बसवण्याचा सल्ला मिळाल्यास अधिक सावध राहावे. अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली.

पुढच्या प्रसूतीबद्दल एक गोष्ट सर्व भगिनींनी लक्षात ठेवावी. बाळ लवकर यावे म्हणून पोटावर वरून दाब देण्याची प्रथा अनेक ठिकाणी अजून चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात ती करू नये असे म्हटले आहे.

लघवी पूर्ण अडणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे, त्यावर जखम किंवा रक्तस्राव, अथवा ताप आणि दुर्गंधी असलेला स्राव यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोदातीर

मी नांदेडची. ज्या विषयावर अजून कोणी लिहिले नाही तेवढाच मांडते. या दुखण्यात आपले शरीर आपले राहिले नाही असे वाटू लागते, आणि नवऱ्याजवळ जाण्याची भीती वाटते. मी कितीतरी महिने वेगवेगळ्या सबबी सांगून बाजूला झोपत असे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की संबंधाने अंग अधिक खाली येत नाही, दुखत नसेल तर मनाई नाही, कोरडेपणासाठी वंगण वापरावे आणि रिंग असेल तर ती काढूनही ठेवता येते. हे ऐकून आम्ही दोघेही रडलो. रडू सतत येत असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे पाहण्याची इच्छा होत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचे नैराश्य या त्रासाबरोबर आले तर व्यायाम करण्याचे बळच उरत नाही. मला आधी त्याचे औषध मिळाले आणि मग बाकीचे सुरू झाले.

मांजराकाठ

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, त्याचा मला फार आधार झाला. यजमानांना सोबत घेऊन तपासणीला गेले आणि जालनेकर दादांच्या सांगण्यानुसार त्यांना आत बसवले. पुढची भिंत दुसऱ्या पायरीवर आहे आणि गर्भाशय पहिल्या पायरीवर. म्हणजे पिशवी काढूनही माझा मुख्य त्रास तसाच राहिला असता. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तपासून सांगितले की मी उजवीकडचा स्नायू आकसते, पण डावीकडे पकड फार कमी आहे; बहुधा चिमट्याने तिकडेच इजा झाली असावी. त्यांनी दर काही आठवड्यांनी बोलावले आहे. उभ्याने काम असलेल्या दिवसांसाठी रिंगचे माप घेतले असून पहिली निसटली, दुसरी व्यवस्थित बसली. मुख्याध्यापक बाईंना विश्वासात घेऊन सांगितले, तेव्हा त्यांनी वर्गात बसून शिकवण्यासाठी उंच खुर्ची दिली आणि मधल्या सुट्टीत आडवे होण्यासाठी कार्यालयातील बाक मोकळा ठेवला. सासूबाईंना अजून मी स्वतः सांगितलेले नाही. जाऊबाईंनी सांगितले आणि आता घागर सासूबाईच मला उचलू देत नाहीत.

मांजराकाठ

बाळाचा पहिला वाढदिवस झाला, म्हणून पुन्हा लिहीत आहे. ठसक्याने कपडे ओले होणे थांबले आहे. गोळा अजून आहे, मोजणीतही पुढची भिंत दुसऱ्याच पायरीवर आहे. पण ती आता कडेच्या आत राहते आणि शाळा सुटेपर्यंत मला तिची आठवण होत नाही. पाजणे कमी केल्यापासून कोरडेपणाही घटला. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की घरच्या सोयाबीनची उरलेली रास करायला मनुष्यबळ कमी पडते आणि मला शेतात जावे लागेल. देवगिरीताई, कोणती कामे करू आणि कोणती टाळू?

देवगिरी

ताई, बसून सोयाबीन निवडणे किंवा विळ्याने कापणी करणे तुम्हाला चालेल, मात्र सतत उकिडवे न बसता मधून मधून उठा, चाला आणि धुऱ्यावर थोडे आडवे व्हा. मळणीयंत्रात पेंढ्या टाकणे, रास भरलेली पोती उचलणे आणि ती ट्रॉलीत चढवणे ही कामे या वर्षी इतरांकडे द्या. शेतात जाताना रिंग घालून जा आणि घरी आल्यावर काढून धुवा. संध्याकाळी जडपणा आला आणि सकाळपर्यंत गेला तर काम तुमच्या झेपेतले आहे असे समजा. सकाळीही तो राहिला तर दुसऱ्या दिवशी काम निम्म्यावर आणा. व्यायाम त्या आठवड्यातही चुकवू नका, आणि सुट्टी संपली की डावीकडची पकड तपासायला एकदा या.